कॉलेज फुटबॉलपटूला दिलेला पैसा 'गैर' कधी ठरतो?

अमेरिकेतल्या क्रीडा बातम्यांत एक मथळा दर काही महिन्यांनी हटकून दिसतो: अमुक विद्यापीठाच्या फुटबॉलपटूंना गैरमार्गाने पैसे दिल्याचा संशय, चौकशी सुरू. वाचणाऱ्या मराठी माणसाला पहिला प्रश्न पडतो तो असा, की लाखभर लोक तिकीट काढून ज्याचा खेळ बघायला येतात त्या मुलाने चार पैसे घेतले तर बिघडलं कुठे? २०२१ नंतर आणि विशेषतः जुलै २०२५ नंतर तर गोंधळ आणखी वाढला आहे. आता कॉलेजंच खेळाडूंना राजरोस पैसे देतात, तरीही संशयाच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. हे असं का, ते मुळापासून पाहू.

## आधी हा खेळ कोणता

इथे फुटबॉल म्हणजे हाताने फेकायचा अंडाकृती चेंडू, डोक्यावर हेल्मेट, अंगावर चिलखतासारखे पॅड आणि धडकाधडकीचा अमेरिकी खेळ. तो खेळणारी मुलं साधारण १८ ते २३ वर्षांची, विद्यापीठात नाव घातलेली. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये १ लाख ७ हजारांहून जास्त माणसं बसतात. टीव्हीचे करार अब्जावधी डॉलरचे असतात. कितीतरी राज्यांत सरकारी पगारपत्रकावरचा सगळ्यात महागडा माणूस म्हणजे विद्यापीठाचा फुटबॉल कोच असतो. राज्यपालाचा पगार त्याच्या आसपासही येत नाही.

या सगळ्यावर देखरेख ठेवणारी संस्था म्हणजे एनसीएए, कॉलेजांचा राष्ट्रीय क्रीडा संघ. १९०५ च्या हंगामात मैदानावर इतकी मुलं दगावली, की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट यांनी कॉलेजांना बोलावून खेळ सुधारा म्हणून बजावलं. त्यानंतरच्या हालचालींतून ही संस्था जन्माला आली. ती सरकारी नाही, कॉलेजांनीच मिळून चालवलेली आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावर बरंच अवलंबून आहे.

## 'गैर' म्हणजे गुन्हा नव्हे

बातमीतल्या 'गैर पैसा' या शब्दांनी लाच किंवा चोरी डोळ्यांपुढे येते. बहुतेक प्रकरणांत तसं काही नसतं. मोडलेला असतो तो एनसीएएचा नियम, देशाचा कायदा नाही. त्या नियमाच्या मुळाशी हौशीपणाची कल्पना आहे: कॉलेजचा खेळाडू विद्यार्थी आहे, त्याने खेळावर कमाई करायची नाही.

कोल्हापूरच्या तालमीतला पैलवान डोळ्यांपुढे आणा. त्याच्या खुराकाचा खर्च, दूध-तूप-बदाम, गावातला कुणी हौशी धनिक उचलतो आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. मैदान मारलं की इनाम पैलवानाचं. आता समजा तालमींच्या संघाने ठरवलं, की खुराक आणि निवारा आम्ही देऊ; तिकिटांचे, इनामाचे, पैलवानाचे फोटो विकून येणारे पैसे मात्र आमचे; आणि पैलवानाने बाहेरून पाचशे रुपये जरी घेतले तरी तो फडातून बाद. २०२१ पर्यंत अमेरिकी कॉलेज फुटबॉल थोड्याफार फरकाने याच नियमावर चाललं. खुराक म्हणजे शिष्यवृत्ती: फी, राहणं, जेवण, पुस्तकं. त्यापलीकडचं बहुतेक सगळं गैर.

## नियम आला कुठून

नियम जितका जुना, तितकंच त्याचं उल्लंघन जुनं. १९२९ साली कार्नेगी प्रतिष्ठानने शंभरावर कॉलेजांची पाहणी करून अहवाल काढला. खेळाडूंना पैसे, नोकऱ्या, सवलती देऊन ओढून आणण्याचा प्रकार सर्रास चालतो, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. म्हणजे 'पूर्वी खेळ निर्मळ होता, आत्ता बिघडला' हे म्हणणं खरं नाही.

खेळाच्या जोरावर शिष्यवृत्ती देण्याची उघड परवानगी १९५६ मध्ये आली. त्याच काळात कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस कॉलेजचा एक खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून गेला. नवरा कॉलेजसाठी खेळताना गेला म्हणून त्याच्या पत्नीने कामगार नुकसानभरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली, कारण खेळाडू कॉलेजचा नोकर ठरत नव्हता. अशा दाव्यांच्या धास्तीनेच एनसीएएने 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्दप्रयोग रूढ केला आणि प्रत्येक नियमात, प्रत्येक पत्रकात तो पेरला. वॉल्टर बायर्स यांनी १९५१ पासून १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत ही संस्था चालवली आणि हा शब्द त्यांच्याच कारकिर्दीतला. निवृत्तीनंतर मात्र तेच या व्यवस्थेचे कडक टीकाकार झाले. हौशीपणाच्या नियमाकडे मी केवळ आदर्श म्हणून पाहू शकत नाही ते यामुळे. भरपाईची जबाबदारी टाळण्याचा हिशेब त्यात पहिल्यापासून मिसळलेला आहे.

## पैसा पोचायचा कसा

कॉलेज स्वतःच्या खात्यातून पैसे देऊ शकत नव्हतं. मग मधे माणूस लागायचा. तो बहुधा 'बूस्टर' असे, म्हणजे संघावर जीव असलेला, खिसा भरलेला माजी विद्यार्थी किंवा स्थानिक व्यावसायिक. रोख रक्कम, गाडी, न केलेल्या कामाचा पगार, आईवडिलांसाठी घर, नातलगाला नोकरी, असे नाना मार्ग होते.

टेक्सासमधल्या डॅलस शहरातल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचं, म्हणजे एसएमयूचं प्रकरण सविस्तर सांगायला हवं, कारण त्यात सगळं काही आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हे लहानसं खासगी विद्यापीठ देशातल्या सर्वोत्तम संघांत जाऊन बसलं. गैरमार्गाने खेळाडू आणल्याबद्दल १९८५ मध्ये त्याला शिक्षा झाली. ती शिक्षा लागून महिना होतो न होतो तोच पुन्हा पैसे सुरू झाले. १९८६ मध्ये एका माजी खेळाडूने डॅलसच्या टीव्ही वाहिनीवर सांगितलं, की करारावर सही करण्यासाठी आपल्याला २५ हजार डॉलर मिळाले होते. एनसीएएच्या चौकशीत निघालं, की एका बूस्टरने भरलेल्या गुप्त निधीतून १३ खेळाडूंना एकूण सुमारे ६१ हजार डॉलर दिले गेले. महिन्याला ५० पासून ७२५ डॉलरपर्यंत. आकडे पाहिले की वाईट वाटतं. यात ऐषारामाच्या रकमा कुठे आहेत? पोरांचा महिन्याचा हातखर्च आहे.

२५ फेब्रुवारी १९८७ रोजी एनसीएएने १९८७ चा अख्खा हंगाम रद्द केला. १९८८ चे घरच्या मैदानावरचे सामनेही काढून घेतले, तेव्हा तो हंगाम विद्यापीठाने आपणहून सोडला. या शिक्षेला तिथे 'मृत्युदंड' म्हणतात. अव्वल गटातल्या कुठल्याही फुटबॉल संघाला त्यानंतर आजवर ती झालेली नाही. पुढच्याच महिन्यात टेक्सासचे राज्यपाल बिल क्लेमंट्स यांनी कबूल केलं, की ते विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष असताना पैसे सुरूच ठेवण्याच्या निर्णयात सामील होते. ज्यांना शब्द दिला होता त्यांचं शिक्षण संपेपर्यंत द्यायचं आणि मग हळूहळू बंद करायचं, असं ठरलं होतं. बंद केले तर मुलं तोंड उघडतील, हे मंडळींना कळत नसेल असं मानणं कठीण आहे. एकदा चोरून दिलेला पैसा थांबवणंही किती अवघड असतं ते इथे दिसतं. एसएमयूचा संघ १९८९ मध्ये मैदानात परतला, पण हंगामअखेरच्या मानाच्या 'बोल' सामन्यात पुन्हा खेळायला २००९ साल उजाडावं लागलं.

## संशय असतो, पुरावा का नसतो

एनसीएए सरकारी नाही, त्यामुळे ती कुणाच्या घरी छापा घालू शकत नाही, बँकेची खाती मागवू शकत नाही, कॉलेजशी संबंध नसलेल्या माणसाला साक्षीला बोलावू शकत नाही. बूस्टर 'नाही सांगत' म्हणाला की विषय संपला. रोख रकमेचा माग नसतो. म्हणून अशी प्रकरणं चौकशीतून कमी आणि भांडणातून जास्त फुटतात: दुखावलेला मध्यस्थ, फसवणुकीच्या दुसऱ्या गुन्ह्यात अडकलेला धनिक, नाराज झालेला खेळाडू.

२०१० मध्ये ऑबर्न विद्यापीठाच्या कॅम न्यूटनबाबत असंच झालं. त्याच्या वडिलांनी मिसिसिपी स्टेट या दुसऱ्या विद्यापीठाकडे मुलाच्या प्रवेशाच्या बदल्यात मोठी रक्कम मागितल्याचं एनसीएएने मान्य केलं. मात्र ऑबर्नने पैसे दिले किंवा कॅमला या मागणीची कल्पना होती, असा पुरावा मिळाला नाही. तो एका दिवसापुरता अपात्र ठरला, लगेच पुन्हा पात्र झाला आणि त्याच हंगामात संघाला राष्ट्रीय विजेतेपद मिळालं. कुजबुज करणारे आजही आहेत. मला विचाराल तर जे सिद्ध झालं नाही ते सिद्ध झालं नाही, इतकंच म्हणता येतं.

२०१६ चा प्रसंग याहून चटका लावणारा आहे. ओल मिसचा, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठाचा खेळाडू लारेमी टन्सिल, व्यावसायिक संघ कॉलेजांतून नवे खेळाडू निवडतात त्या रात्री निवडीची वाट पाहत होता. कुणीतरी त्याची खाती हॅक करून जुने संदेश जगासमोर टाकले. त्यांत भाडं आणि आईचं विजेचं बिल भरायला पैसे हवेत, अशी विचारणा होती. कोचकडून पैसे घेतलेस का, असं पत्रकारांनी त्याला सगळ्यांसमोर विचारलं. त्याने होकार दिला.

आणि शिक्षा कुणाला होते ते पाहा. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा रेगी बुश २००५ मध्ये हाइजमन ट्रॉफीचा, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूच्या किताबाचा मानकरी ठरला. त्याच्या कुटुंबाला बाहेरच्या लोकांकडून लाभ मिळाल्याचा निकाल २०१० मध्ये लागला. तोवर तो व्यावसायिक खेळाडू झाला होता. विद्यापीठाला दोन वर्षं 'बोल' सामन्यांची बंदी झाली आणि तीन वर्षांत ३० शिष्यवृत्त्या कापल्या गेल्या. म्हणजे भोगलं कुणी? ज्यांचा त्या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता अशा नव्या मुलांनी. बुशने ट्रॉफी सोडून दिली. नियमच बदलल्यावर एप्रिल २०२४ मध्ये ती त्याला परत मिळाली.

## 'पण शिक्षण फुकट मिळतंच की!'

हा आक्षेप नेहमी येतो आणि तो पोकळ नाही. अमेरिकेतली फी पाहता पूर्ण शिष्यवृत्तीचं मोल मोठं आहे. अनेक मुलं तिच्यामुळेच कॉलेजचं तोंड पाहतात.

तरी दुसरी बाजू मला जास्त वजनदार वाटते. २०१० मध्ये जॉर्जिया विद्यापीठाच्या ए. जे. ग्रीनने स्वतःची एक जर्सी हजार डॉलरला विकली म्हणून त्याला चार सामने बाहेर बसवलं. त्याच काळात त्याच्या ८ क्रमांकाच्या जर्सी विद्यापीठाच्या दुकानात विकायला होत्या. कोचना मात्र असली कुठलीच मर्यादा नव्हती. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जिम्बो फिशर यांना काढलं, तेव्हा केवळ करार मोडल्यापोटी त्यांना साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं लागत होतं. ज्या व्यवस्थेत कोचला घरी बसायचे इतके पैसे मिळतात, तिथे खेळणाऱ्या पोराला हजार डॉलरवरून गुन्हेगार ठरवणं मला कधीच पटलेलं नाही.

## नियम कसा ढासळला

सप्टेंबर २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला, की खेळाडूला स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर आणि ओळखीवर कमाई करता यावी. या हक्काला तिकडे 'एनआयएल' म्हणतात. दुकानाची जाहिरात करणं, सह्या विकणं, शिबिरं घेणं हे सगळं त्यात येतं. मग २१ जून २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात ९-० असा निकाल देऊन शिक्षणाशी निगडित लाभांवरची एनसीएएची मर्यादा बेकायदा ठरवली. मक्तेदारीविरोधी कायद्यातून एनसीएएला सूट नाही, हे त्यात स्पष्ट झालं. दहाच दिवसांत, १ जुलैला, एनसीएएने एनआयएलचं दार उघडलं.

त्या दारातून जाहिरातदारांच्या आधी बूस्टर आत आले. त्यांनी 'कलेक्टिव्ह' नावाच्या संस्था काढल्या. चाहत्यांकडून पैसा गोळा करायचा आणि खेळाडूंना एखाद्या किरकोळ कार्यक्रमाच्या बदल्यात वाटायचा. काल पाकिटातून जाणारा पैसा आज करारातून जाऊ लागला. काही ठिकाणी जुनी पद्धतही सुरूच होती. जुलै २०२३ मध्ये टेनेसी विद्यापीठाला ८० लाख डॉलरहून जास्त दंड झाला. आधीचे कोच जेरेमी प्रुइट यांच्या काळात खेळाडूंना आणि त्यांच्या कुटुंबीयांना सुमारे ६० हजार डॉलरचे गैर लाभ मिळाल्याचं सिद्ध झालं होतं. यावेळी 'बोल' सामन्यांची बंदी मुद्दाम घातली नाही. नव्या मुलांना जुन्याचं पाप भोगायला लावायचं नाही, ही उशिरा आलेली शहाणीव.

६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांनी खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लावलेल्या हाऊस खटल्यातली तडजोड मंजूर केली. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर भरपाई, आणि १ जुलै २०२५ पासून कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा. पहिल्या वर्षी एका कॉलेजला सगळ्या खेळांत मिळून साधारण २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा.

## मग आता संशय कशाचा

मर्यादा आली की ती चुकवण्याचा मोह आलाच. कॉलेज ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही, पण बाहेरच्या जाहिरात करारांना तशी मर्यादा नाही. म्हणजे एखादा बूस्टर आपल्या गाड्यांच्या शोरूमच्या जाहिरातीसाठी राखीव खेळाडूला पाच लाख डॉलर देऊ लागला, तर ती जाहिरात आहे की संघात येण्याचा मोबदला?

हे तपासायला कॉलेज स्पोर्ट्स कमिशन ही नवी संस्था उभी राहिली. ६०० डॉलरचा किंवा त्याहून मोठा बाहेरचा करार खेळाडूने 'एनआयएल गो' या नोंदणी व्यवस्थेत दाखल करायचा. करार बूस्टरशी किंवा कॉलेजच्या जवळच्या कुणाशी असेल, तर दोन प्रश्न विचारले जातात. या कामाला खरा व्यावसायिक हेतू आहे का? आणि रक्कम अशा कामाच्या बाजारभावात बसते का? उत्तर नकारार्थी आलं तर करार अडतो. आजच्या बातमीतल्या 'गैर' या शब्दाचा अर्थ हा असा आहे. पैसा घेणं आता गैर नाही. खोट्या कामाच्या नावाखाली घेणं गैर.

बाजारभाव कोण ठरवणार हा प्रश्न मात्र खराच अडचणीचा आहे. विशीतल्या खेळाडूच्या चेहऱ्याची किंमत चाहत्याच्या वेडावर ठरते आणि वेडाचा दर ठरवणारी पेढी अजून निघालेली नाही. यावरून कोर्टकज्जे होत राहणार.

## तोंडी शब्दाचा बळी

इतकी वर्षं आपण 'खेळाडूने पैसे घेतले का' एवढंच विचारत आलो. मला त्याहून महत्त्वाचा मुद्दा वाटतो तो हा, की चोरून व्यवहार करण्यात सगळ्यात जास्त जोखीम खेळाडूचीच असते. कागद नसतो, म्हणून दाद नसते.

सप्टेंबर २०२४ मध्ये लास वेगासच्या नेवाडा विद्यापीठाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल रचणारा मुख्य खेळाडू, मॅथ्यू स्लूका तीन सामने जिंकल्यावर संघ सोडून गेला. एक लाख डॉलर देण्याचं तोंडी आश्वासन पाळलं गेलं नाही, असं त्याच्या बाजूचं म्हणणं. विद्यापीठाने ते फेटाळलं. कोण खरं हे मला ठरवता येणार नाही, पण लेखी करार असता तर हे ठरवायला कोर्ट होतं. हायस्कूलमधून नुकताच बाहेर पडलेला जेडन रशाडा फ्लोरिडा विद्यापीठात येणार म्हणून त्याला १ कोटी ३८ लाख डॉलरचा करार मिळाल्याचं सांगितलं गेलं. पैसे आले नाहीत आणि २०२४ मध्ये त्याने कोचसह काही जणांवर दावा लावला. समोर अनुभवी कोच, वकील आणि धनिक. इकडे एक पोरगा आणि त्याचे आईवडील. अशा वेळी गुप्ततेचा फायदा कुणाला होतो ते सांगायला नको.

## 'श्रीमंत कॉलेजं सगळे चांगले खेळाडू नेतील'

ती आधीही नेतच होती. भव्य स्टेडियम, नामवंत कोच, टीव्हीवरचं दर्शन, हीच त्यांची लालूच होती. उलट, उघड पैशाने काहींना नवी संधी मिळाली. ज्या एसएमयूला बूस्टरच्या पैशाने बुडवलं, त्याच्याच देणगीदारांनी २०२३ मध्ये मोठ्या गटात प्रवेश मिळाल्यावर आठवड्याभरात १० कोटी डॉलर जमवले, या खेपेस उजळ माथ्याने. २०२४ च्या हंगामात तो संघ राष्ट्रीय प्लेऑफमध्ये पोचला.

## झळ कुणाला लागते

या आक्षेपाला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. फुटबॉलला पैसा द्यायचा तर तो कुठून तरी काढावा लागतो. मार्च २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉली विद्यापीठाने जलतरणाचे संघच बंद केले आणि त्यासाठी या तडजोडीच्या आर्थिक भाराचं कारण दिलं. भरपाईचा फार मोठा वाटा पुरुष फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जातो म्हणून काही महिला खेळाडूंनी अपील केलं. सरकारी मदत घेणाऱ्या कॉलेजांत मुलामुलींत भेदभाव नको, असं १९७२ चा टायटल नाइन कायदा सांगतो आणि तो इथे कसा लागू होतो यावर वाद आहे.

हे आपल्याला दूरचं वाटेल, पण तसं नाही. पुण्या-मुंबईतली मुलंमुली टेनिस, पोहणं यांच्या जोरावर अमेरिकी शिष्यवृत्तीची आशा धरतात आणि बंद होणारे संघ याच खेळांचे आहेत. शिवाय भारतातून जाणारा विद्यार्थी बहुधा एफ-१ व्हिसावर असतो. त्या व्हिसावर काम करण्याला कडक मर्यादा आहेत. त्यामुळे संघातला अमेरिकी मित्र ज्या जाहिरातीचे पैसे बिनदिक्कत घेतो, तेच पैसे घेतल्याने याचा व्हिसा धोक्यात येऊ शकतो. मुलाला प्रवेशाचं पत्र आलं असेल तर कोचला दोन गोष्टी लेखी विचारा: हा संघ पुढची चार वर्षं राहणार आहे का, आणि शिष्यवृत्तीचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं की ती सगळ्या वर्षांसाठी आहे. बाहेरच्या कुठल्याही करारावर सही करण्याआधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाकडून उत्तर घ्या, तेही लेखी.